हेलिकॉप्टरचं पत्र

कानाला मशीन लावायचं की नाही यावर आमच्या घरात दीड वर्ष खल झाला. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात लावलं. आता कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची मालिका आम्हाला घरबसल्या कळते, आणि गंमत म्हणजे घरातली माणसं अजून माझ्याशी ओरडूनच बोलतात, कारण त्यांना तशी सवय झालीय. असो. हे मशीनपुराण लावायचं कारण वेगळंच आहे.

गुरुपौर्णिमेला माझ्याकडे येणारे विद्यार्थी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पस्तीस वर्षं पेठेतल्या एका मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्या मानाने कमीच म्हणायचे. पण १९८३ सालच्या दहावीच्या तुकडीतला एक जण न चुकता येतो. फौजेत होता. सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसवर. जबलपूरला ट्रेनिंग झालं, वीस-बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला, मग बरीच वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसला, आता घरी असतो. त्याचं नाव मी लिहीत नाही. "लिहा बाई, पण नाव नको," असं त्यानेच बजावलंय.

तर यंदा आला, पाया पडला, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि माझ्या कानाकडे बघून म्हणाला, "मशीन घेतलंत? बरं केलंत बाई. मलाही घ्यायचंय."

"तुला? तुझं वय काय रे?"

"अठ्ठावन्न. पण डावा कान गेलाच म्हणायचा."

"कशानं?"

"हेडफोन. आणि थोडं हेलिकॉप्टर."

मी हसले. म्हटलं, तुझं हेलिकॉप्टर तर मला तोंडपाठ आहे. आणि खरंच, पाठ म्हणावी तशी मी ती वाक्यं म्हणून दाखवली. खिडक्या गोल आहेत. ताडाची झाडं वरून खराट्यासारखी दिसतात. आवाज इतका असतो की शेजारचा बोलतो तेव्हा नुसते ओठ हलताना दिसतात. मला वाटलं तो खूश होईल. शिक्षकाला आपलं जुनं पत्र पाठ आहे म्हटल्यावर कोण होणार नाही? पण तो पेढ्यांच्या पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तुम्हाला ते अजून आठवतंय?"

ते पत्र काय होतं हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

त्याची आई चार घरच्या पोळ्या करायची. वडील लवकर गेलेले. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मुलाचं पत्र आलं की त्या थेट शाळेत यायच्या आणि मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी उभ्या राहायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. पत्र मी वाचायची, उत्तरही मीच लिहायची. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. पत्त्यात गाव नसायचंच, नुसता नंबर, नाव, युनिट आणि खाली द्वारा ५६ एपीओ. मावशींना याचं फार नवल वाटायचं. "गाव न लिहिता पत्र पोचतं कसं हो बाई?" मला तरी कुठे माहीत होतं? पोचायचं एवढं खरं.

१९८७ च्या २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपलं सैन्य शांतिसेना म्हणून श्रीलंकेत उतरलं. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना तिथल्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो फोटो आपल्याकडच्या पेपरांतून आला होता, तो अनेकांना आठवत असेल. त्यानंतरचं मात्र आपल्याला फारसं आठवत नाही. खरं तर पुण्याला आठवायला हवं. शांतिसेनेचे एकूण प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे सदर्न कमांडचे प्रमुख होते, आणि सदर्न कमांडचं मुख्यालय आपल्या कॅम्पात. म्हणजे लक्ष्मी रोडवर आपण दिवाळीची खरेदी करत होतो, तेव्हा तीन-चार मैलांवर या लढाईचे कागद हलत होते. आम्हाला पेठेत त्याचा पत्ता नव्हता. कॅम्प म्हणजे आमच्यासाठी कयानीचा केक.

आणि लंका म्हणजे काय? माझ्या पिढीला लंका म्हणजे रेडिओ सिलोन आणि बुधवारची बिनाका गीतमाला. मावशींना लंका म्हणजे रावण. ऑक्टोबरात त्याचं युनिट तिकडे गेल्याचं कळलं तेव्हा दसरा नुकताच होऊन गेला होता. मावशी म्हणाल्या, "रावण जाळला की आपण नुकताच, आता कशाला पाठवतात पोरांना?" मी त्यांना तमिळ, सिंहली, वाघांची संघटना वगैरे समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझं मलाच नीट समजलेलं नव्हतं. ज्यांच्या रक्षणासाठी आपण गेलो म्हणे, त्यांच्यातल्याच लोकांशी दोन-अडीच महिन्यांत लढाई सुरू झाली होती. हे पोळ्या लाटणाऱ्या आईला कसं सांगणार?

मग दोनेक महिने पत्र नाही. मावशी रोज यायच्या, काही न बोलता दारातून मान हलवून विचारायच्या, मी मान हलवून नाही म्हणायची. १९८८ च्या फेब्रुवारीत, दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर मी तपासत बसले होते, तेव्हा त्या आंतर्देशीय पत्र घेऊन धापा टाकत आल्या. ते हे हेलिकॉप्टरचं पत्र.

ती. आईस शि. सा. न. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. तुझी खुशाली कळव. परवा मी हेलिकॉप्टरमध्ये बसलो. मिठागरं दिसली, मग समुद्र दिसला. ताडाची झाडं वरून खराट्यासारखी दिसतात. आत दोन्ही बाजूंना बाकं असतात, यष्टीसारखं पुढे तोंड करून बसत नाहीत. खिडक्या गोल आहेत. आवाज इतका असतो की शेजारचा बोलतो तेव्हा नुसते ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. वीस मिनिटांत पोचलो. माझी काळजी करू नये. धाकटीला आशीर्वाद. बाईंना नमस्कार, हे त्याच वाचत असतील.

मला इतका आनंद झाला! दोन महिन्यांची काळजी एका क्षणात गेली. पोरगं हेलिकॉप्टरमध्ये बसलंय, समुद्र बघतंय. मी तेव्हा विमानातसुद्धा बसले नव्हते. मावशी मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते ओठांचं पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"शेजारी कोण होतं, ते लिहिलंय का?"

"नाही. असेल कुणी मित्र."

"काय बोलत होता तो?"

"अहो मावशी, ऐकूच आलं नाही असं लिहिलंय ना!" आणि मी हसले. त्या पत्र पदरात बांधून निघून गेल्या.

जाण्यापूर्वी मी ते पत्र उतरवून घेतलं होतं. आठवीला पत्रलेखन शिकवताना पुस्तकातली पत्रं फार गुळगुळीत वाटायची, हे खरंखुरं होतं. उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, यष्टीची एसटी केली, आणि समुद्राच्या आधी निळाशार हा शब्द घातला. तो शब्द माझा आहे. पुढे निदान बारा-पंधरा वर्षं मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. निरीक्षण कसं असावं, हे सांगायला. "बघा, आवाज खूप होता असं तो नुसतं म्हणत नाही. शेजारच्याचे ओठ हलताना दिसतात म्हणतो. याला म्हणतात लिहिणं!" मग दोन मुलांना पुढे बोलवायची, एकाने नुसते ओठ हलवायचे, दुसऱ्याने कानाला हात लावून "काय? काय?" करायचं. सगळा वर्ग खो खो हसायचा. वर्गातला सर्वांत यशस्वी तास असायचा तो.

आता यंदाच्या गुरुपौर्णिमेकडे येते. मी त्याला हा वर्गातला प्रकारही सांगून टाकला, अगदी नकलेसकट. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या पत्रात खोटं काही नाही बाई. फक्त खिडकीबाहेरचं लिहिलं मी."

त्याने जे सांगितलं ते शक्यतो त्याच्याच क्रमाने लिहिते. अधूनमधून तो थांबत होता, मीही काही ठिकाणी दोनदा विचारलं, कारण मशीन लावूनही त्याचा आवाज खाली गेला की मला शब्द सुटत होते.

त्याची तुकडी किलिनोच्चीच्या बाजूला होती. जाफनाचं द्वीपकल्प मुख्य बेटाला जिथे जोडलं जातं तिथे एलिफंट पास नावाची चिंचोळी जागा आहे, दोन्हीकडे खाडीचं पाणी आणि मिठागरं. त्याच्या दक्षिणेला हे लोक. पलीकडे उत्तर टोकाला पलालीचा विमानतळ, तो आपला मुख्य तळ. रस्त्याने जायचं तर अंतर फार नाही, पण रस्ता म्हणजे मरण. मोऱ्यांमध्ये, पुलांखाली सुरुंग पुरलेले असायचे. तार झाडीत नेलेली, आणि तिथे कुणीतरी बॅटरी घेऊन बसलेला. गाडी बरोबर वर आली की जोडायची तार. म्हणून आधी पायी तुकडी रस्ता तपासत जायची आणि मग गाड्या. त्यामुळे बारीकसारीक कामाला हेलिकॉप्टर येईल त्याची वाट बघायची. याच्याकडे दोन सेट होते, त्यातला एक बिघडला होता, तो दुरुस्तीला पलालीला न्यायचा होता. तीन दिवस हा सेट बांधून तयार.

त्या दिवशी सकाळी रस्ता तपासणाऱ्या तुकडीखाली सुरुंग फुटला. दुसऱ्या युनिटची माणसं होती. जखमींना न्यायला हेलिकॉप्टर हवं, हा संदेश चालू असलेल्या सेटवरून यानेच पाठवला. "म्हणजे बघा, ती गाडी मीच बोलावली," तो म्हणाला. "आणि तिच्यात माझी पण सीट लागली." साहेबांनी सांगितलं, सेट घे आणि यांच्याबरोबरच जा.

एमआय-८ हे रशियन हेलिकॉप्टर. वैमानिक दोन, एक फ्लाइट इंजिनियर, आणि मागे बाकांवर वीस-बावीस सैनिक बसतील एवढी जागा. बाकं दुमडून स्ट्रेचर लावता येतात. रंगीत धूर सोडून जागा दाखवायची, ते उतरायचं, पण पंखा थांबवायचं नाही. जमिनीवर मिनिटभर जास्त राहायला कुणी तयार नसे. त्याला कारण होतं. ऑक्टोबरातच, ११-१२ तारखेच्या रात्री, वाघांच्या नेत्यांना पकडायला म्हणून एमआय-८ मधून कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरवले होते. वाघांना आधीच सुगावा लागलेला. चारही बाजूंनी गोळीबार. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या फेऱ्या बंद कराव्या लागल्या, आणि शिखांच्या पूर्ण तुकडीऐवजी तीसच जण तिथे उतरू शकले. त्या तिसांतले एकोणतीस गेले. एक जखमी होऊन पकडला गेला. कमांडोंना सोडवायला नंतर रणगाडे न्यावे लागले. ही गोष्ट प्रत्येक वैमानिकाला आणि प्रत्येक जवानाला माहीत होती, असं तो म्हणाला. मला मात्र त्याने सांगेपर्यंत माहीत नव्हती. मी इतिहास शिकवत होते! पानिपतात कोण कुठे उभा होता ते मी फळ्यावर काढून दाखवायची.

तर हेलिकॉप्टर उतरलं. धुरळ्यात पळत जाऊन दोन स्ट्रेचर चढवली, मागून हा सेट छातीशी धरून चढला. एक जखमी जरा वयाने मोठा होता, त्याच्या पोटाला लागलं होतं, त्याच्यापाशी नर्सिंग असिस्टंट गुंतलेला. दुसरा याच्याच वयाचा, किंवा एखाद्या वर्षाने लहान. त्याचा एक पाय गुडघ्याच्या खाली नव्हताच. जिथे होता तिथे पट्ट्यांचं गाठोडं. नर्सिंग असिस्टंटने वर बघितलं, याच्या हातातला सेट काढून बाजूला ढकलला, आणि हातात सलाईनची बाटली दिली. वर धर, अशी खूण केली. बस. हे झालं याचं हेलिकॉप्टरमध्ये बसणं.

"मिठागरं दिसली म्हणून लिहिलं, ती दिसलीच," तो म्हणाला. "बाटली वर धरायची म्हणून उभाच होतो ना, तोंड खिडकीकडे. खाली बघवत नव्हतं म्हणून बाहेर बघत होतो."

मग त्या मुलाने याचा पट्टा ओढला. तो बोलत होता. हा खाली वाकला. हा वायरलेसवाला, बाई. रात्रीच्या रात्री खरखरीतून बारीक आवाज ओळखायचं काम त्याचं. दोन स्टेशनं एकमेकांवर चढलेली असली तरी आपलं कुठलं ते कळायचं, असं त्याने मला सांगितलं, आणि त्यात बढाई नव्हती. आणि इथे एका वितीवर तोंड असून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वर पंखा, इंजिनांची घरघर, उघड्या दारातून येणारा वारा. त्याने कान अगदी तोंडाला लावला. गरम श्वास लागत होता कानाला, शब्द नाही. ओठांवरून ओळखायचं म्हटलं तर भाषा कुठली तेच माहीत नाही. हिंदी असेल, पंजाबी असेल, आणखी कुठलीही असेल. चेहऱ्यावरून तो काहीतरी विचारत होता हे कळत होतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. पट्टा सोडत नव्हता.

"मग?"

"मग मी हां म्हणालो. मान हलवली. हां, हां, असं. दोन-तीनदा. तेव्हा त्याने पट्टा सोडला आणि डोळे मिटले."

चहा केव्हाचा निवला होता. मी काही बोलले नाही.

"कशाला हो म्हणालो, ते मला माहीत नाही बाई."

पलालीला उतरल्यावर स्ट्रेचर घेऊन गेले. कुणीतरी याच्या हातातून बाटली काढून घेतली, तरी याचा हात वरच राहिला, खाली येईना. दुसऱ्या हाताने धरून खाली घ्यावा लागला. आणि सेट राहिला आत! हेलिकॉप्टर परत निघायच्या बेतात, हा ओरडत पळाला, फ्लाइट इंजिनियरने तो दारातून बाहेर ढकलला. वर्कशॉपच्या हवालदाराने त्यावरून चांगलंच झापलं, सरकारी मालाची काळजी नाही म्हणून. हे सांगताना तो पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी तो चौकशीला गेला. नाव माहीत नाही, युनिटचं नाव धुरळ्यात नीट कळलेलं नाही, फक्त पायाचं सांगता येत होतं. तसे त्या दिवशी आणखीही होते. इथले विमानाने मद्रासला गेले, एवढंच कळलं. तो जिवंत होता का मिटले तेव्हाच गेला, ते कळलं नाही. मग दोन दिवस वर्कशॉपच्या बाहेर सेटची वाट बघत बसलेला असताना त्याने आईला पत्र लिहिलं.

"ओठांचं कशाला लिहिलंस मग?" मी विचारलं. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"लिहायचं नव्हतं. गोल खिडक्या लिहून झाल्यावर दुसरं काही आठवेचना."

१९९० च्या मार्चमध्ये शांतिसेना परत आली. २४ तारखेला शेवटचे सैनिक त्रिंकोमालीहून निघाले. मद्रासला त्यांच्या स्वागताला तिथल्या मुख्यमंत्र्यांनी, करुणानिधींनी, जायचं नाकारलं. आपल्याच माणसांवर गोळ्या झाडून आलेलं सैन्य, अशी तिकडची भावना होती, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर तीही समजण्यासारखी आहे. जाफनाच्या सामान्य लोकांनी त्या वर्षांत काय सोसलं हे वाचलं की मान खाली जाते. पण या मुलांना कुणी विचारून पाठवलं नव्हतं. अकराशेच्या वर जवान तिकडे गेले. त्यांच्यातले एक मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, आपल्या ८ महारचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. कोलंबोजवळ या सगळ्यांचं स्मारक आहे, पलालीलाही विद्यापीठातल्या त्या रात्रीच्या जवानांचं आहे. नातवाने मला संगणकावर दोन्हींचे फोटो काढून दाखवले. पलालीच्या फोटोत मागे ताडाची झाडं आहेत. खालून काढलेला फोटो असल्याने ती खराट्यासारखी दिसत नाहीत.

त्याने आणखी एक सांगितलं, ते मला सर्वांत जास्त लागलं. १९९१ साली तो महिनाभराच्या सुट्टीवर पुण्यात आला होता. आपल्याकडे वानवडीच्या बाजूला आर्टिफिशियल लिम्ब सेंटर आहे, १९४४ पासूनचं. तिन्ही दलांतल्या हात-पाय गेलेल्या जवानांना देशभरातून इथे आणतात, मापाचा पाय करतात, चालायला शिकवतात. याच्या डोक्यात आलं, तो जगला असेल तर पायासाठी इथे येऊन गेला असेल, किंवा येईल. तर सुट्टीतल्या चार-पाच दुपारी हा सायकलवरून तिथे जाऊन फाटकासमोरच्या रस्त्यावर उभा राहायचा. आत जायला अडचण नव्हती, फौजीच होता, ओळखपत्र होतं. पण आत जाऊन विचारणार काय? नाव नाही, गाव नाही. आणि समजा सापडला असता...

"तर विचारलं असतंस ना, काय म्हणत होतास म्हणून?"

"तेच तर. आणि त्याने सांगितलं असतं, तर?" तो म्हणाला. "घरी कळव म्हणाला असेल. पैसे कुणाकडे दे म्हणाला असेल. मी हां म्हणालो होतो."

आईला त्याने हे घरी दिवाळीला सांगितलं असेल, अशी दुपार ती चार-पाच वेळा कुठे जातोस म्हणून विचारत असेल, असं मला वाटलं. म्हणून विचारलं. तर नाही. घरी सांगायचा मित्राकडे जातो म्हणून. बायकोला सांगितलं ते लग्नानंतर दहा वर्षांनी, आणि तिच्यानंतर ऐकणारी मी.

मावशी २००९ साली गेल्या. मला राहवेना. मी त्याला सांगितलं की तुझ्या आईने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं. शेजारी कोण होतं, असं विचारलं होतं. काय बोलत होता तो, हेही विचारलं होतं. हे सदतीस वर्षं माझ्याकडे पडून होतं आणि मला त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं, हेही सांगितलं. वर्गातल्या नकलेबद्दल काही बोलायला गेले, तर त्याने हातानेच राहू द्या म्हटलं.

बराच वेळ तो खाली बघत होता.

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"मित्र असेल म्हणाले."

"बरोबर सांगितलंत," तो म्हणाला.

मग उठला. चपला घालता घालता त्याने मशीनची चौकशी केली, केवढ्याला पडलं, बॅटरी किती दिवस जाते, माजी सैनिकांना काही सवलत मिळते का ते दुकानात विचारलं होतं का. मी म्हटलं, मी माजी सैनिक थोडीच आहे? तर म्हणाला, खरंच की. दुकानाचा पत्ता मी एका कागदावर लिहून दिला. तो त्याने वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि जिना उतरायला लागला.